आधी पाय पोचू द्या, मग खांदा

पत्र : ताई, मी सोलापुरात एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. स्वतः कबड्डी खेळलोय. दोन वर्षांपासून सतरा वर्षांखालच्या मुला-मुलींना सेव्हन्स (सात-सात जणांची) रग्बी शिकवतो. पोरं पळायला वाघ आहेत, पासही बरे जातात, पण टॅकलला, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून पाडायला, बोंब. एक तर पायात उडी मारतात, नाहीतर गळ्याला हात घालतात. धडक व्हायच्या आधी डोळे मिटतात आणि मान खाली जाते. कोपऱ्यावरच्या एका मुलाची घोटापकड मात्र जबरदस्त आहे. गेल्या महिन्यात सरावात एका मुलाचं कॉलरबोन मोडलं. त्याची आई म्हणते, ‘कबड्डीच बरी होती की सर.’ रोज प्रत्येकाकडून बॅगवर (सरावाच्या भरलेल्या उभ्या पोत्यावर) शंभर टॅकल मारून घ्यावेत असा विचार आहे. भीती जाईल का? बॅग मात्र अजून घ्यायची आहे, पैसे नाहीत. – एक सर, जुळे सोलापूर

सर, नमस्कार.

शंभर नकोत. पुढचे दोन आठवडे तर एकही नको. चुकीचा टॅकल शंभर वेळा मारला तर तो सुधारत नाही, पक्का होतो. शिवाय बॅग जागची हलत नाही, हुलकावणी देत नाही, तिला गुडघे नसतात. बॅगवर वाघ असलेली आणि सामन्यात हवेत हात मारणारी पोरं मी ढिगानं पाहिली आहेत. वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेनं २०२१ मध्ये व्यावसायिक खेळाडूंसाठी जी मार्गदर्शक मर्यादा घालून दिली, ती आठवड्याला १५ मिनिटं पूर्ण धडकेच्या सरावाची आहे. पगार घेऊन खेळणाऱ्या, शंभर किलोच्या माणसांसाठी १५ मिनिटं! आपली पोरं शाळा सुटल्यावर वडापाव खाऊन येतात.

तुमच्या पत्रातली कामाची ओळ शंभर टॅकलची नाहीच. ‘स्वतः कबड्डी खेळलोय’ ही आहे. मीही खेळले आहे, याच गावात, डाव्या कोपऱ्यावर. रग्बीत आले तेव्हा तुमच्या पोरांनी ज्या चुका केल्या त्या सगळ्या मी केल्या, आणि नंतर शिकवायला लागल्यावर त्याच पोरांना शिकवल्यासुद्धा.

कबड्डीत सात जण दहा मीटर रुंदीचं मैदान राखतात. सेव्हन्समध्येही सातच जण असतात, पण मैदान सत्तर मीटरपर्यंत रुंद. बाकी सगळा फरक यातून निघतो. कबड्डीत चढाईवाला तुमच्याकडे येतो, त्याला यावंच लागतं. तुम्ही थांबता, त्याच्या पायांकडे बघता, चूक झाली की झेप घेता. रग्बीत थांबलात तर तो बाजूनं जातो, आणि ज्यानं थांबून झेप घेतली त्याच्या हाती फार तर बूट लागतो. तुमची पोरं भित्री आहेत म्हणून उडी मारत नाहीत. ती लांबून उडी मारतात, कारण त्यांचे पाय पोचलेलेच नसतात. पाय मागे राहिले की हात पुढे जातात. हात पुढे गेले की डोकं खाली जातं. डोकं खाली गेलं की डोळे मिटतात. तुम्ही शेवटची कडी बघून तिला भीती म्हणताय. पहिली कडी पायांची आहे.

म्हणून दोन आठवडे फक्त पाय. मैदानावर फक्कीनं पाच मीटर रुंद आणि दहा मीटर लांब असा पट्टा आखा. एका टोकाला बॉलवाला, दुसऱ्या टोकाला अडवणारा. बॉलवाल्यानं पट्ट्याच्या बाहेर न जाता पलीकडे पोचायचं. अडवणाऱ्यानं पाडायचं नाही, दोन्ही तळवे त्याच्या कंबरेला एकाच वेळी लावायचे. हात लागला की तुम्ही शिटी मारायची आणि दोघांनी जागच्या जागी पुतळा व्हायचं. आता खाली बघा. अडवणाऱ्याचा पुढचा पाय बॉलवाल्याच्या पायापासून वीतभर अंतरावर आहे का? असेल तर हा टॅकल झाला असता. हातभर लांब असेल तर ही उडी झाली असती. पोरांना हे पुतळ्यात स्वतःला दिसतं, तुम्हाला ओरडावं लागत नाही.

पट्ट्यात तीन गोष्टींवर बोला, एका दिवशी एकच. पहिली : सुरुवातीचं अंतर जोरात कापायचं, पण शेवटचे तीन-चार पाय बारीक. थांबायचं नाही, टाच टेकून बसायचंही नाही, पाय छोटे आणि चालू ठेवायचे. दुसरी : सरळ समोरून जायचं नाही, आतल्या बाजूनं जायचं, म्हणजे बॉलवाल्याला बाहेरच्या रेषेकडेच वाट उरते. रेषा म्हणजे फुकटचा आठवा खेळाडू. तिसरी : नजर कंबरेवर. खांदे फसवतात, डोळे फसवतात, बॉल तर फसवण्यासाठीच असतो, कंबर मात्र जिकडे जायचं तिकडेच जाते. कबड्डीवाल्या पोरांना हे लवकर कळतं. चढाईवाल्याच्या तोंडाकडे बघायचं नाही ही सवय त्यांना आधीच असते, फक्त नजर घोट्यावरून कंबरेवर आणायची.

आता डोक्याचं. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण इतर चुका सामना घालवतात, ही चूक पोरगं घालवते. वर्ल्ड रग्बीनं २०१३ ते २०१५ या काळातल्या मोठ्या सामन्यांमधल्या, डोक्याच्या तपासणीसाठी खेळाडूला बाहेर घ्यावं लागलं अशा सहाशेहून जास्त घटनांचं चित्रीकरण तपासलं. त्यातल्या ७६ टक्के टॅकलमधल्या होत्या. आणि टॅकलमधल्या दर चारांपैकी जवळपास तीन वेळा मार लागला तो टॅकल करणाऱ्याला, पडणाऱ्याला नव्हे. दोघंही ताठ उभे असले की धोका वाढतो, हेही त्यात दिसलं. म्हणून इंग्लंडनं २०२३ पासून हौशी आणि शालेय रग्बीत टॅकलची रेषा खांद्यावरून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी आणली. तुम्ही तुमच्या मैदानावर सरळ कंबर ही रेषा धरा. गळ्याला हात गेला की टॅकल कितीही जोरदार असो, बॉल समोरच्यांना.

डोकं ठेवायचं कुठं? बॉलवाला तुमच्या उजवीकडे पळतोय असं धरा. मग तुमचा उजवा खांदा लागणार, उजवाच पाय पुढे असणार आणि डोकं त्याच्या पाठीमागच्या बाजूला राहणार. त्याच्या पोटासमोरून डोकं नेलं तर पडताना त्याचं सगळं वजन तुमच्या मानेवर येतं, आणि त्याचा गुडघा कानशिलावर बसू शकतो. समोरासमोर असला तरी एक बाजू निवडायची, मध्ये डोकं घालायचं नाही. ‘जो खांदा तोच पाय, गाल त्याच्या ढुंगणाला’ असं मी पोरांना सांगते. हसतात, पण विसरत नाहीत. गाल खरोखर तिथं चिकटला तर डोकं आपोआप जागेवर असतं.

‘मान वर कर’ हे मी पाच वर्षं ओरडत होते. काही उपयोग नाही. धडकेच्या क्षणी कानात काही शिरत नाही. मग एकदा सहज खडूनं बॉलवाल्याच्या चड्डीवर, मांडीच्या बाजूला, एक आकडा लिहिला आणि टॅकल झाल्यावर अडवणाऱ्याला विचारलं, किती होता? त्याला माहीत नव्हतं. दुसऱ्यांदाही नव्हतं. तिसऱ्यांदा खाली पडल्यापडल्याच ओरडला, ‘सात!’ आणि त्या टॅकलला त्याची पाठ सरळ होती, हनुवटी वर होती, डोळे टक्क उघडे होते. मी काहीही सुधारलं नव्हतं, त्याला फक्त बघायला काहीतरी दिलं होतं. दर वेळी आकडा बदला. पोरं लबाड असतात, आधीच बघून ठेवतात, म्हणून बॉलवाल्याला पाठमोरा उभा करून आकडा लिहा.

पाठ सरळ म्हणजे काय, हे सोलापूरच्या पोरांना समजावायला मला नंदीध्वज पुरतो. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात. त्याआधी सराव चालतो तो पोरांना एकदा दाखवून आणा. कंबरेच्या पट्ट्यात तो उंच, जड ध्वज पेलणाऱ्या माणसाची पाठ कुठं असते, मान कुठं असते, पाय किती फाकलेले असतात आणि पाऊल किती छोटं पडतं, एवढंच बघायला सांगा. पाठ वाकली की तोल गेला. परत आल्यावर मैदानात नुसतं ‘नंदीध्वज!’ म्हटलं की पुरतं.

तिसऱ्या आठवड्यात धडक, पण जमिनीजवळून. दोघंही गुडघ्यावर, समोरासमोर, हातभर अंतर. बॉलवाला नुसता बसलाय. अडवणारा हनुवटी वर, मुठी छातीजवळ, कोपरं अंगाला लावून पुढे कलतो, खांदा त्याच्या बरगड्यांच्या खाली लावतो, मगच हात मागे गुंडाळतो आणि स्वतःकडे आवळतो. हात आधी पसरले तर खांदा निखळायची भीती, म्हणून मुठी आवळूनच जायचं. पोतं काखेत मारल्यासारखी पकड हवी. दोन्ही बाजूंनी करून घ्या. डाव्या खांद्याला पोरं टाळाटाळ करतात आणि सामन्यात तोच खांदा वाट्याला येतो. नंतर अडवणारा एका गुडघ्यावर आणि बॉलवाला उभा. मग अडवणारा उकिडवा. मग दोघं उभे, चालत. मग हलकं पळत. प्रत्येक पायरीला खडूचा आकडा. दोन-तीन वेळा सलग आकडा चुकला तर एक पायरी खाली, आणि ते सगळ्यांसमोर अपमान न करता. खांदा लागल्यावर पाय थांबवायचे नाहीत, आणखी तीन-चार पावलं ढकलायची. कबड्डीत आपण मागे ओढतो, इथं पुढे रेटायचं. कबड्डीवाल्या पोराची शेवटपर्यंत राहणारी खोड ती हीच. मागून कंबर धरून खाली बसतात, आणि अडवणाऱ्याचं वजन समोरच्याच्या पोटरीवर, घोट्यावर येऊन पडतं. हे दिसलं की लगेच थांबवा.

आणि तुमचा कोपऱ्यावरचा तो मुलगा, ज्याची घोटापकड जबरदस्त आहे असं तुम्ही पत्रात कौतुकानं लिहिलंय, त्याच्यावर सगळ्यात जास्त लक्ष ठेवा. कबड्डीत घोटा धरला की साखळीतले भिडू धावून येतात. रग्बीत तो एकटाच असतो आणि त्याचं तोंड पळणाऱ्या टाचेपासून वीतभरावर असतं. त्याची वेळ साधायची अक्कल घालवू नका, फक्त पकड गुडघ्याच्या वर आणा. मांडीपकड येत असेल तर अर्धं काम झालंच.

तालमीचा उपयोग करून घ्या, सर. आपल्या गावात तालमींना तोटा नाही. पट काढताना, म्हणजे समोरच्याचे पाय धरून पाडताना, मान वर आणि पाठ सरळ ठेवायची हे वस्ताद दहा मिनिटांत असं पक्कं करतील की मला दोन पानं लिहायची गरज नव्हती. मानेचे व्यायामही त्यांच्याकडून घ्या. नाहीतर साधा प्रकार : जोडीदारानं कपाळावर तळवा ठेवायचा, आपण मान न हलवता दहा सेकंद रेटायचं, मग मागून, मग दोन्ही बाजूंनी. फक्त वस्तादांना आधीच सांगा, उचलून आपटायचं नाही. धोबीपछाड आखाड्यात टाळ्या मिळवते. रग्बीत माणूस उचलून डोक्यावर किंवा खांद्यावर टाकला तर लाल कार्ड मिळतं आणि मिळायलाच हवं. एखाद्या तालमीत मुलींना हौदात उतरू देत नसतील तर मुलांनाही घेऊन बाहेर पडा. दुसरी तालीम शोधा, नाहीतर शाळेत मॅट असेल तर मॅटवर करा. संघ एकच आहे.

तालमीची लाल माती खरी लागते ती पडायला शिकण्यासाठी. तुमच्या मुलाचं कॉलरबोन कसं मोडलं ते तुम्ही लिहिलं नाही, पण माझा अंदाज आहे, तो पडताना हात टेकवायला गेला असेल किंवा खांद्याच्या टोकावर पडला असेल. पडणं आपण कुणी शिकवतच नाही. बॉल दोन्ही हातांनी छातीशी, हनुवटी आत, आधी गुडघा, मग मांडी, मग पाठीचा सपाट भाग. हात कधीही सुटा टेकवायचा नाही. आठवडाभर रोज दहा मिनिटं एवढंच. आपलं मैदान म्हणजे उन्हाळ्यात भेगाळलेली काळी माती, नाहीतर मुरूम. मैदानावर पाणी मारून घ्या असं मी नळाची वाट बघणाऱ्या गावाला सांगणार नाही. पण मग कडक मैदानावर पूर्ण धडक घेऊ नका. मातीत, मॅटवर, नाहीतर पावसाळ्यात जिथं गवत येतं तिथं. एप्रिल-मे मध्ये सकाळी सातच्या आत संपवा. धडकेचा भाग सरावाच्या सुरुवातीला, अंग गरम झाल्यावर लगेच. शेवटी घेतला तर दमलेली पोरं मान टाकतात. आणि जोड्या वर्गाप्रमाणे लावू नका, वजनाप्रमाणे लावा. आठवीतलं एखादं पोर दहावीतल्या दोघांना भारी असतं आणि उलटही.

माझी एक चूक सांगते. एका स्पर्धेत आमची एक मुलगी टॅकलमध्ये पडली, उठली, ‘बरी आहे’ म्हणाली. मी तिला खेळू दिलं. मध्यंतरात तिनं मला विचारलं, स्कोअर काय झालाय? मी सांगितला. पाणी पिऊन तिनं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. ती बरी झाली, पण ती सहा-सात मिनिटं मी तिला मैदानात ठेवलं होतं ते अजून आठवतं. तेव्हापासून नियम एकच. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. अंतिम सामना असो, तीच कप्तान असो. बेशुद्ध पडणं म्हणजेच मेंदूला मार, असं नाही. गोंधळणं, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, मळमळ, डोकं दुखणं, उजेड सहन न होणं, तोल जाणं, उगीच चिडणं किंवा रडणं, यातलं एकही पुरे. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय धडक नाही, आणि परतताना पायऱ्या एकेक करत. उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा दिसला किंवा मानेत दुखतंय म्हणाली तर तिथूनच दवाखाना. मान दुखत असेल तर तिला उठवू-हलवू नका.

नियम पोरांना सांगितलेत का? बऱ्याच ठिकाणी कुणी सांगतच नाही. हात न गुंडाळता नुसता खांदा मारणं फाऊल आहे. खांद्याच्या रेषेच्या वर पकडणं फाऊल आहे. हवेत उडी मारून बॉल झेलणाऱ्याला हात लावायचा नाही. आणि पाडल्यावर लगेच सोडायचं, बाजूला व्हायचं, उभं राहूनच बॉलला हात घालायचा. कबड्डीवाली पोरं सोडत नाहीत! तिथं सोडलं की तो रेषेला हात लावतो, म्हणून ते हाडात भिनलेलं असतं. सेव्हन्समध्ये पिवळं कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर, आणि सामनाच सात-सात मिनिटांचा. एवढं गणित सांगितलं तरी पुरतं.

आता त्या आईचं. ‘कबड्डीच बरी होती’ या वाक्यावर तुम्हाला राग आलाय, पत्रात दिसतो. पण त्या बरोबर बोलल्या. तुम्ही त्यांच्या मुलाला कबड्डीची सवय असताना रग्बीत उतरवलं, मधला जिना न बांधता. त्यांच्याकडे जा, त्याच्या सरावाच्या वेळी नाही, घरी. हाड जुळेपर्यंत तो काय करेल ते सांगा : पट्ट्यातले पाय आणि मानेचे व्यायाम, तेही डॉक्टर म्हणतील तेव्हाच. मग एक दिवस त्यांना मैदानावर बोलवा आणि गुडघ्यावरचा सराव दाखवा. ‘काही होत नाही’ असं मात्र म्हणू नका. होतं, आणि त्यांनी ते पाहिलंय. माउथगार्ड घेऊन द्या. तो दातांसाठी आहे, डोकं वाचवत नाही, हेही सांगून टाका.

तो मुलगा परत येईल तेव्हा त्याला धडकेत शेवटचा घ्या, पण पडायला शिकवताना पहिला. त्याला माहीत आहे चुकीचं पडल्यावर काय होतं. दुसऱ्यांना तो तुमच्यापेक्षा चांगलं सांगेल. मागच्या महिन्यात आमच्याकडं असाच एक जण आखाड्याच्या कडेला उभा राहून धाकट्यांवर खेकसत होता, ‘हात कशाला टेकायलास बे? बॉल धर की!’

ता. क. बॅगेसाठी पैसे नाहीत म्हणालात. गणवेश शिवणाऱ्या कुठल्याही कारखान्यात कात्रण-चिंध्यांचा ढीग असतो, मागितला तर देतात. दोन जाड पोती एकात एक घालून छातीएवढ्या उंचीपर्यंत चिंध्या दाबून भरा, बाहेरून जुनी सोलापुरी चादर शिवून टाका. वाळू भरू नका, दगड होतो. आणि भरण्याआधी चिंध्यांतली बटणं आणि चेन काढा. आमच्या पहिल्या पोत्यानं एका पोरीच्या गालावर चड्डीची अख्खी चेन उमटवली होती, दोन दिवस तिला सगळे ‘चेन’ म्हणत होते.